बटणचं जॅकेट

माणूस तोंडानं खोटं बोलतो, कपड्याला ते जमत नाही, असं लाँड्रीवाला म्हणायचा. दुकान होतं तोवर गिऱ्हाइकांना ऐकवायचा. घरोघरी मशिनं आली, दुकानाला कुलूप लागलं, तेव्हापासून बायकोला ऐकवायला लागला. कॉलरच्या मळावरून तो सांगायचा की माणूस उन्हात राबतो की पंख्याखाली झोपा काढतो. एकदा एका बाईनं नवऱ्याचा शर्ट फळीवर आपटून विचारलं होतं, "हा लाल डाग कसला, खरं सांगा." त्यानं डाग नाकाशी नेला, नवऱ्याच्या नशिबाचा विचार केला आणि म्हणाला, "गंजाचा आहे, वहिनी. खिळ्याला टांगत जाऊ नका." एक संसार वाचला. तो शर्ट कुठल्या खिळ्याला लागला होता ते त्याला चांगलं ठाऊक होतं.

असा हा जाणता माणूस. गल्लीभरच्या लोकांची लफडी धुऊन वाळत घातलेला. आणि त्याच्या स्वतःच्या घरात एवढी मोठी गोष्ट घडून गेली, वर्ष होत आलं, तरी त्याच्या नाकाला तिचा वास लागला नव्हता.

त्याला एकच मुलगी. लहानपणी दुकानाच्या फळीवर बसून ती कपड्यांची तुटलेली बटणं रंगवार वेगळी करायची, म्हणून घरात तिचं नाव बटण पडलं ते पडलंच. आता बटण दवाखान्यांतली यंत्रं दुरुस्त करायची. आज या गावचा एक्स-रे बंद, उद्या त्या गावचं ऑक्सिजनचं यंत्र अडलेलं. मागे अवजारांची पेटी बांधून ती मोटरसायकलवरून हिंडायची. उद्या सकाळी ती हे घर सोडून चालली होती. डोंगरापलीकडच्या शहरात मोठ्या हॉस्पिटलात नोकरी लागली होती, परवा हजर व्हायचं होतं, आणि डोंगरात पाऊस लागून राहिला होता.

बापलेकीत अबोला होता असं म्हणता येणार नाही. अबोल्यालासुद्धा थोडी माया लागते. हे दोघं एका जिन्यावरच्या भाडेकरूंसारखे बोलायचे. "पाणी गेलं का?" "गेलं." "दार लावलंस?" "लावलं." झालं, दिवस संपला.

कारण म्हणाल तर ती मोटरसायकल. बटणनं स्वतःच्या कमाईतून ती घेतली आणि दारात आणून उभी केली, तेव्हा शेजारीपाजारी बघायला जमले होते. कुणी आरशाला हात लावतंय, कुणी हॉर्न वाजवतंय. लाँड्रीवाला पायरीवर आला. घेऊ का, कुठली घेऊ, रंग कुठला, काही म्हणजे काही त्याला विचारलेलं नव्हतं. 'मला विचारायचंस तरी,' एवढंच बोलला असता तर पोरगी हसली असती, गळ्यात पडली असती. पण बाप नावाच्या माणसाला दुखलं म्हणायची लाज वाटते आणि शिव्याशाप द्यायची वाटत नाही. तो सगळ्यांसमोर म्हणाला, "पडशील एक दिवस. आणि पडलीस ना, की मला कळवू नकोस. मेलीस का जगलीस, मला सांगायला यायचं नाही."

हॉर्न वाजवणारा हात जागच्या जागी थांबला.

बटण एवढंच म्हणाली, "बरं."

नंतर तो वाट बघत राहिला. ती रडेल, भांडेल, आईकडून निरोप पाठवेल, मग आपण जरा ताणून धरू आणि मग सोडून देऊ, असा त्याचा बेत. जन्मल्यापासून पोरीनं त्याचं कधी काही ऐकलं नव्हतं. हे एक तेवढं ऐकलं.

आज सकाळी बटणनं गाडीवर घालायचं जाड जॅकेट आणि पॅन्ट बाथरूमच्या दाराशी स्टुलावर काढून ठेवली होती. शेजारी दोन बाटल्या. एक धुण्याची, दुसरी धुतल्यावर फवारायची, म्हणजे कापडावर पाणी ठरत नाही. एवढ्यात जुन्या ऑफिसातून फोन आला, की पेटी आणि चाव्या आत्ताच जमा करा, साहेब नंतर भेटायचे नाहीत. ती तशीच निघाली. जाताजाता ओरडली, "आई, ते तसंच राहू दे गं, मी येऊन करते."

लाँड्रीवाला पेपर वाचत होता, म्हणजे पेपर तोंडासमोर धरून ऐकत होता. गाडीचा आवाज गल्लीच्या तोंडाशी विरल्यावर त्यानं पेपर ठेवला आणि बाह्या सरसावल्या.

"कुठे निघालात?" स्वयंपाकघरातून बायकोनं विचारलं.

"बाथरूममध्ये. चिठ्ठी आणू का तुझी?"

"तिच्या वस्तूंना हात लावू नका हो. ती येऊन करणार आहे."

"हयात गेली माझी कपड्यांत. न्यायाधीशांचे कोट धुतलेत मी. हे काय, ताडपत्रीला बाह्या लावल्यात नुसत्या."

"ताडपत्री असो नाहीतर रेशीम असो. नका ना."

"अगं, उद्या चाललीये ती. तेवढं तरी करू दे मला."

हे शेवटचं तो इतक्या हळू बोलला की बायकोला पुढे काही बोलवेना. भांडी घासताना तिचा हात मात्र थांबला होता. त्यानं पाहिलं नाही. बघण्यासारख्या गोष्टींकडे या माणसाची नेहमी पाठ असायची.

काम मात्र तो झोकात करायचा, ते नाकबूल करून चालणार नाही. आधी त्यानं चष्मा लावून बाटलीवरची बारीक अक्षरं वाचली. कोमट पाणी घ्या, साधी पावडर वापरू नका, पिळू नका. "आता हे मला शिकवणार," असं म्हणून त्यानं बाटली खाली ठेवली, पण ऐकलं. जॅकेटच्या सगळ्या चेनी ओढून लावल्या, चिकटपट्ट्या मिटवल्या, म्हणजे त्यांचे काटे कापडाला ओरबाडणार नाहीत. खिसे उलटे केले. एका खिशात बारकासा स्क्रू निघाला, दुसऱ्यात खोकल्याची गोळी. गोळी त्यानं हुंगली. खोकला झाला होता हिला? कधी?

मग तो डाग वाचायला बसला. छातीवर आणि दंडांवर किडे आपटून वाळले होते. म्हणजे दिवे लागताना गाडी चालवते, आणि चांगली पळवते. ओल्या फडक्यानं त्यानं ते आधी मऊ केले, मग ब्रशनं अलगद उचलले. पॅन्टच्या पायावर काळा ओशट पट्टा. म्हणजे साखळीला तेल स्वतःच घालते आणि गरजेपेक्षा जास्त घालते. उजव्या बाहीचं टोक मूठ पिळून पिळून गुळगुळीत झालेलं. पाठीत घामाची पांढरी खारी रेघ. म्हणजे मधे थांबत नाही, पाणी पीत नाही.

"पाणी पीत नाही कार्टी," तो बादलीला म्हणाला.

वर्षभरात लेकीबद्दल एवढं त्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्याला बरं वाटत होतं. चक्क गुणगुणायला लागला.

भिजवायच्या आधी पॅड काढायचे होते. असल्या जॅकेटला खांद्याशी, कोपराशी, पाठीशी आतून कप्पे असतात आणि त्यांत कडक स्पंजासारखे पॅड बसवलेले असतात; माणूस आपटला तर मार त्यांनी खायचा. बाकीचे पॅड सुळकन निघाले. डाव्या कोपराचा निघेना. जोर लावून ओढला तर त्याचे तुकडे हातात आले.

गुणगुणणं थांबलं.

त्यानं बाही खिडकीच्या उजेडात धरली. कोपरापासून खांद्यापर्यंत काळ्यावर काळं ठिगळ होतं, इतकं बेमालूम की गिऱ्हाइकाच्या डोळ्याला दिसलं नसतं. पण तो गिऱ्हाईक नव्हता. ठिगळाच्या कडेखाली त्यानं नख सरकवलं. आतलं मूळ कापड खरवडून निघालं होतं, आणि जिथे उरलं होतं तिथे वितळून कडक झालं होतं. कापड असं कधी वितळतं, तर माणूस त्याच्यासकट डांबरावरून फरफटत जातो तेव्हा. अस्तरावर, खांद्याच्या शिवणीत, तपकिरी कडेचा फिकट डाग. गार पाण्यात मीठ घालून कुणीतरी तो काढायला बघितलेलं. हा डाग त्याला हुंगावा लागला नाही.

आणि टाके. बारीक, एकसारखे, शेवटी गाठ मारून दोरा पुन्हा अस्तरात ओढून घेतलेला, म्हणजे टोक अंगाला लागू नये. दुकानात रफूचं काम जिनं जन्मभर केलं तिचे टाके. सही ओळखावी तसे त्यानं ते ओळखले.

जॅकेट हातात घेऊन तो स्वयंपाकघरात आला. "हे कधीचं?"

बायकोनं बाहीकडे पाहिलं. मग आधी गॅस बंद केला.

"मागच्या पावसाळ्यातलं."

"पडली?"

"पडली."

"किती..." त्यानं बाहीवरून हात फिरवला. "किती लागलं?"

"खांद्याचं हाड मोडलं होतं. आत प्लेट बसवलीये. कोपराला टाके."

"प्लेट? माझ्या पोरीच्या खांद्यात प्लेट आहे?"

"हळू बोला."

"आणि मी कुठे होतो? मेलो होतो का?"

"तुम्ही इथेच होतात," बायको म्हणाली. "ती माझ्या बहिणीकडे होती. तुम्हाला सांगितलं होतं ना, ट्रेनिंगला गेलीये म्हणून. ते ट्रेनिंग."

ते ट्रेनिंग त्याला चांगलंच आठवत होतं. गल्लीभर मिरवलं होतं त्यानं. समोरच्या शिंप्याला तर येताजाता ऐकवायचा, "आमचं बटण ट्रेनिंगला गेलंय, कंपनी निवडक माणसांनाच पाठवते." शिंपी "हो का" म्हणायचा आणि सुईत दोरा ओवायला लागायचा, दोरा आधीच ओवलेला असताना. म्हणजे शिंप्याला माहीत होतं. ठिगळाचं कापडसुद्धा त्याच्याच दुकानातलं असणार. सगळ्या गल्लीला माहीत होतं आणि सगळी गल्ली त्याला "हो का, हो का" करत होती.

"तू तरी सांगायचंस. बायको आहेस का कोण आहेस?"

"आईपण आहे. ऑपरेशनला आत जाताना तिनं माझ्याकडून कबूल करून घेतलं. म्हणाली, बाबांनी कळवू नका म्हणून सांगितलंय, तर कळवायचं नाही."

"अगं, ते आपलं बोलायचं म्हणून बोललो होतो!"

"मग हे तिला सांगायचंत." बायकोनं हात पदराला पुसले. "बोललात चारचौघांत. परत घ्यायला मात्र तुम्हाला मुहूर्त सापडेना."

तो बाथरूममध्ये परतला. दुसरीकडे जाणार कुठे? आधी बायकोवर रागावून पाहिलं, पण तो राग टिकला नाही. मग मेव्हणीवर, शिंप्यावर, त्या न पाहिलेल्या डॉक्टरवर. राग चुकार जनावरासारखा भटकून पुन्हा आपल्याच दावणीला येऊन उभा राहत होता. त्यानं जॅकेट कोमट पाण्यात बुडवलं, धुण्याचं औषध घातलं, हलक्या हातानं चोळलं, पाणी बदलून बदलून विसळलं. प्रत्येक वेळी डाव्या खांद्यापाशी हात अडखळायचा. आई आणि मावशी तिला उठवून बसवत असतील. तोंडाशी पेला धरत असतील. तेव्हा आपण काय करत होतो? पेपर वाचत होतो.

डोकं ठिकाणावर नव्हतं, हात तेवढे ठिकाणावर होते, आणि हातांनीच घात केला.

त्याच्या दुकानाची एक खासियत होती. शेवटच्या पाण्यात तो कपडा मऊ करायचं सॉफ्टनर टाकायचा, त्यात स्वतः सुगंध मिसळून. त्याच्या दुकानचा शर्ट डोळे मिटून ओळखता यायचा. त्या पाण्यातून न्हाऊन निघाल्याशिवाय एकही कपडा गिऱ्हाइकाच्या हाती पडला नव्हता. दुकान गेलं, पण तो कॅन बाथरूमच्या फळीवर होताच. लाँड्रीवाल्यानं शेवटची बादली भरली, बूच उघडलं आणि नेहमीपेक्षा सढळ हातानं ओतलं. खांदा मऊ राहू दे, एवढंच त्याच्या मनात होतं. प्लेटवर कापड टोचायला नको.

मग न पिळता, थापटून थापटून पाणी काढलं. दमट असतानाच दुसऱ्या बाटलीतलं औषध सगळीकडे फवारलं, हात राखून नाही, जवळजवळ बाटली रिकामी केली. वर पातळ फडकं टाकून मंद इस्त्री फिरवली, कारण ऊब मिळाली की ते औषध कापडाला धरतं, असं लिहिलेलं होतं. पॅन्टचंही तसंच. हँगरला लावून तो मागे सरकला. जॅकेट नव्यासारखं काळंभोर दिसत होतं. आता ती येईल. आपण म्हणू, बटणा, बस जरा. मग बोलू. तो मनातल्या मनात वाक्यं जुळवत राहिला, आणि एकही धड जुळेना.

जेवणं उरकल्यावर बटण आली. जिन्यातच तिचं नाक वर गेलं.

"आई, हा वास कसला येतोय?"

तिनं हँगरवरचं जॅकेट पाहिलं, बापाकडे पाहिलं, पेल्यात बोटं बुडवली आणि जॅकेटच्या पाठीवर पाणी शिंपडलं. खरं तर अळवाच्या पानावरून घरंगळावेत तसे थेंब पळायला हवे होते. ते क्षणभर उभे राहिले, विचारात पडल्यासारखे, आणि कापडात शिरले.

"सॉफ्टनर टाकलंत?"

"थोडंसं. शेवटच्या पाण्यात. म्हटलं, मऊ राहील..."

"बाबा, बाटलीवर लिहिलंय, टाकू नका म्हणून."

"पावडर टाकू नका लिहिलंय. वाचलं मी."

"त्याच्या खालच्या ओळीत लिहिलंय."

खालची ओळ त्यानं वाचली नव्हती. तिथपर्यंत पोचायच्या आतच त्याला आपली हयात आठवली होती.

"त्यानं काय होतं?" बायकोनं विचारलं. "अस्तराच्या आत तो पडदा असतो ना पाणी अडवायला?"

"पडदा अडवतो गं. पण वरचं कापड पाणी पीत राहतं. जड होतं, वाऱ्यानं बर्फासारखं गार पडतं. डोंगरात तासाभरात दात वाजायला लागतात, मग बोटं आखडतात, मग ब्रेक दाबायला जावं तर..." बटण थांबली. पेला ठेवला. "काही नाही. धुवायला लागेल परत."

"मागच्या वेळी असंच झालं होतं?" लाँड्रीवाला म्हणाला. "बोटं आखडली?"

बटणनं आईकडे पाहिलं.

"टाके ओळखले त्यांनी," आई म्हणाली.

मग बटण हसली, पण ते हसू चांगलं नव्हतं. "तुमचं एक बरं आहे हं, बाबा. विचारायचं नाही, सांगायचं नाही, आपल्या मनाला येईल ते करून मोकळं व्हायचं."

"विचारायचं नाही, हे तू बोलतेस? तू विचारलं होतंस का मला, गाडी घेताना?"

तोंडातून गेलं. इतके महिने दाताखाली धरलेलं, आणि नको त्या वेळी सुटलं.

बटण त्याच्याकडे बघत राहिली. "म्हणजे ते होतं?"

तो हँगर सरळ करायला लागला.

"ते होतं?" तिचा आवाज बारीक झाला. "बाबा, मी काय समजत होते माहितीये? की तुम्ही घाबरलात. पोरगी पडेल म्हणून जीव वरखाली झाला आणि तोंडातून वेडंवाकडं निघालं. हॉस्पिटलात पडल्या पडल्या हेच सांगायचे मी स्वतःला. बाबा रागीट नाहीत, घाबरट आहेत. त्यावर दिवस काढले मी. आणि तुम्ही काय, रुसला होतात?"

"घाबरलोपण होतो," तो म्हणाला.

"पण बोललात ते रुसून."

'नाही' म्हणता आलं असतं. पण ऐकणारी त्याचीच पोरगी होती.

मग दोघांनी ते जॅकेट पुन्हा धुवायला घेतलं. समजूत झाली म्हणून नव्हे, दिवस कलत होता म्हणून. सॉफ्टनर एकदा कापडात शिरलं की मुंगळ्यासारखं चिकटून बसतं. ऊन पाणी घालायचं, कालवायचं, ओतायचं. पुन्हा ऊन पाणी. पाण्यावर फेस येत होता आणि त्या फेसाला दुकानाचा सुगंध येत होता. आयुष्यात पहिल्यांदा लाँड्रीवाल्यानं त्या वासापासून तोंड फिरवलं.

"अजून येतोय फेस," बटण म्हणाली.

"चांगलं भिनवलंय बापानं," तो म्हणाला. "काम कच्चं नसतं आपलं."

तिला हसू आलं होतं, पण ती हसली नाही. ओलं जॅकेट दोरीवर टाकताना तिनं उजवा हात उंच केला. डावा खांद्याच्या वर गेला नाही. तिनं कोपर अंगाशी धरून बाही उजव्याच हातानं पलीकडे ओढली, इतक्या सराईतपणे की ही तिची रोजचीच रीत झाली असणार. रोज ती याच दोरीवर कपडे घालत होती. रोज तो याच खुर्चीत बसलेला असायचा.

"बटणा."

"हं."

"पुन्हा कधी काही झालं... होऊ नये, पण झालं, तर मला कळव. मला आधी."

तिनं चिमटे लावले. एक पडला, तो तिनं उचलला नाही, त्यानंच वाकून दिला.

"बघू."

"बघू काय? हो म्हण ना."

"त्या दिवशी रस्त्यात पडले होते तेव्हा तुमचाच नंबर काढला होता, बाबा. बोट त्यावर होतं. मग आठवलं." तिनं चिमटा लावला. "आता बोट परत तिकडे जाईल की नाही, मला नाही सांगता येणार. तुम्हाला बरं वाटावं म्हणून हो म्हणू का? म्हणते हवं तर."

"नको," तो म्हणाला.

संध्याकाळपर्यंत पंख्याखाली जॅकेट वाळून नुसतं दमट राहिलं. बाटलीत औषध तळाशी उरलं होतं, बाकीचं सकाळी त्यानं फुकट उडवलेलं, आणि दुसरी बाटली मिळेल असं दुकान गावात नव्हतं. "कुठे मारू?" बटणनं विचारलं. हे तिनं त्याला विचारलं, आणि तो गडबडून गेला. "छातीवर. आणि खांद्यांवर. पाणी आधी तिथे लागेल." तिनं तिथे फवारलं. तो इस्त्री धरून बसला, फडकं सरळ करत, जणू राजाचा पोशाख करतोय. नंतर पाणी शिंपडून बघितलं. छातीवर थेंब मोत्यांसारखे उभे राहिले आणि पळाले. उजवा खांदा चांगला. डावी बाही, ठिगळापासून खाली, पाणी पीत होती.

"वरून साधा रेनकोट घाल," आई म्हणाली.

"वाऱ्यात फुगा होतो त्याचा. पण घालते."

"उद्याचा दिवस थांब ना," लाँड्रीवाला म्हणाला. "त्यांना फोन कर. सांग, बापानं घाण करून ठेवली."

"पहिल्याच दिवशी हे सांगू?"

सकाळी ती निघाली. आईनं पाठीवरची पिशवी घट्ट केली. डाव्या बाहीत बटणनं तुटक्या पॅडच्या जागी जुन्या चपलेच्या तळव्याचा तुकडा कापून घातला होता. तो बापानं कापून दिला होता, कडा घासून. गाडी सुरू झाली तेव्हा शिंपी दुकानाच्या दारात आला आणि लाँड्रीवाल्याकडे न बघता तिला म्हणाला, "सांभाळून गं, खांदा जपून." तिनं मान हलवली.

"पोचलीस की फोन कर," लाँड्रीवाला म्हणाला.

"हो, आईला करते."

दिवसभर तो फोनच्या आसपास घुटमळत राहिला. पेपर घेतला नाही. डोंगराकडचं आभाळ बघायला गच्चीवर गेला, खाली आला, बायकोनं "काय झालं" विचारल्यावर "टाकीत पाणी बघत होतो" म्हणाला. दिवे लागायच्या सुमारास फोन वाजला. बायकोनं घेतला.

"पोचलीस? ... हं. ... हं. ... अगं पण..." मग ती बराच वेळ नुसती ऐकत राहिली. ऐकता ऐकता खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. "बरं. आधी गरम पाण्यानं अंघोळ कर. ... हो. ... नाही, नाही. बरं."

फोन ठेवून ती वळली. "पोचली."

"भिजली का?"

"कोरडी आहे म्हणते."

"आणि बोटं?"

"बोटं ठीक आहेत."

"मग गरम पाणी कशाला सांगितलंस?"

"प्रवासातून आल्यावर माणूस अंघोळ करतंच की."

"एवढा वेळ काय बोलत होती?"

"खोलीचं सांगत होती. खिडकी मोठी आहे म्हणते."

लाँड्रीवाला बायकोच्या तोंडाकडे बघत राहिला. तिनं नजर चोरली नाही. पोरीच्या आजारपणात महिने न् महिने तिनं ती चोरली नव्हती, आता काय चोरणार! खरंच कोरडी असेल. पाऊस थांबला असेल. किंवा त्या खोलीत, त्या मोठ्या खिडकीपाशी, ती आत्ता गार पडलेली बोटं काखेत धरून बसली असेल आणि आईला म्हणाली असेल, बाबांना नको सांगूस. दोन्हींत बायको असंच उभी राहिली असती, असंच बोलली असती.

"खरं सांग ना," तो म्हणाला.

"खरंच," ती म्हणाली, आणि पानं घ्यायला आत गेली.